मातीच्या टाकीची बाजू

पाणवनस्पतींच्या मत्स्यटाकीचा आढावा लिहायचा म्हटलं की आजकालचे लेखक थेट जपानच्या विमानातच बसतात. त्यांच्या लेखी हा छंद तिकडे जन्मला आणि कुरिअरने आपल्याकडे आला. माझं त्यांच्याशी इथेच बिनसतं. टाकी 'सायकल' कशी करायची, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कसं घालवायचं, हे मी सांगत बसणार नाही. दिवाळी अंक हातात घेऊन या पानापर्यंत आलेल्या वाचकाला ते येत असणारच. (जुन्या मंडळींना आठवत असेल, फोटो स्टुडिओवाल्याकडून पुडीत बांधून आणलेल्या हायपोचे चार खडे टाकले की काम व्हायचं. आता तेच द्रव्य निळ्या बाटलीत येतं आणि किमतीला पंख फुटतात.)

सुरुवात लंडनपासून धरू. 1850 च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश सोडले आणि तळाच्या रेती-मातीत व्हॅलिसनेरिया लावली. कुजकी पानं पाणी नासवायला लागली तेव्हा त्याने गोगलगाई आणून टाकल्या. गाडं रुळावर आलं. पंप नाही, फिल्टर नाही. ही व्हॅलिसनेरिया आपल्या ओढ्या-तळ्यांत आजही रिबिनीसारखी लोळत असते. म्हणजे छंदाचं पहिलं पान मातीत आणि साध्या पाणवनस्पतीवर लिहिलं गेलं. पुढच्यांनी त्यावर चकचकीत कव्हर चढवलं, इतकंच.

मुंबईपुरतं बोलायचं तर मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये उघडलं आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या कित्येक पिढ्यांनी पहिला शोभेचा मासा तिथेच पाहिला. घरच्या टाक्या तेव्हा लोखंडी अँगलच्या, पुटी लावलेल्या. पुटी गळायची, अँगल गंजायचा. मग सिलिकॉन आलं. त्यानंतरची वीसेक वर्षं मी घाईनेच ओलांडतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही: क्रॉफर्ड मार्केट, कुर्ल्याचा पहाटेचा घाऊक बाजार, रेतीखालचा जाळीचा फिल्टर, निळी-गुलाबी खडी, तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या. त्या जाळीच्या फिल्टरने मुळांभोवती काही साचूच दिलं नाही, सगळं पाण्याबरोबर फिरतं ठेवलं. झाड चार आठवडे तग धरायचं, मग पिवळं पडायचं. 'आपल्याकडे झाडं जगत नाहीत' हे शास्त्र दुकानदारांनी तेव्हाच रचलं आणि प्लास्टिकची झाडं विकली.

मग जपानचा ताकाशी अमानो. माणूस मोठा, यात वादच नाही. 1982 मध्ये त्याने निगाता प्रांतात कंपनी काढली, टाकीत दगड-लाकडांची निसर्गदृश्यं उभी केली आणि मोठ्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढले. 2015 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, लिस्बनच्या मत्स्यालयात त्याची चाळीस मीटर लांबीची टाकी खुली झाली. माझी तक्रार अमानोबद्दल नाही, त्याच्या इथल्या भक्तांबद्दल आहे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर, डिफ्यूझर, महागडा दिवा आणि आयात मातीची पिशवी यांच्याशिवाय टाकी लावणारा त्यांना अडाणी वाटतो. एका स्पर्धेच्या परीक्षकाने माझ्या टाकीकडे पाहून 'डबकं छान आहे' असा शेरा मारला होता. मी तो प्रशस्तिपत्रासारखा घेतला.

हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. सिलिंडरवाले तो तीसपर्यंत नेतात. झाडं सुसाट वाढतात, मग कात्री, मग खत, मग पुन्हा कात्री. तीस अंश तापमानाला हा वायू वीस अंशांच्या मानाने सुमारे पाव हिस्सा कमी विरघळतो, हे निगातातल्या थंडीत चालून जातं, पत्र्याखालच्या भिवंडीत मे महिन्यात चालत नाही. आणि वीज? यंत्रमाग थांबले की आमच्या पूर्णा गावात किती वाजले ते घड्याळ न बघता कळायचं, असे ते भारनियमनाचे दिवस होते. भिवंडीचं वीजवितरण 2007 मध्ये खासगी हातात गेलं. त्याआधीची आठ-आठ तासांची अंधारकोठडी ज्यांनी भोगली त्यांना पंपावर जगणाऱ्या टाकीचं काय होतं ते विचारा. सकाळी मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन आ वासलेले. मातीच्या टाकीला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

ही मातीची टाकी पुढे जगभर मान्य झाली ती डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंच्या 1999 च्या पुस्तकामुळे. त्यांनी नीट मांडलं की बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात, म्हणजे झाड हाच फिल्टर. आणि मातीतला कुजका भाग हळूहळू कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो, म्हणजे माती हाच सिलिंडर. मी हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. पूर्णात वाढलेल्या माणसाला भाताचं खाचर ठाऊक असतं.

चिखलणी करून पाणी भरलेल्या खाचरात दोन बोटांच्या खाली प्राणवायू उरत नाही. त्या काळ्या, किंचित कुबट मातीत लोह विरघळलेल्या रूपात मोकळं होतं. भाताचं मूळ पानातून आलेला प्राणवायू बाहेर झिरपवतं, त्यामुळे मुळाभोवती लोहाचा तांबूस लेप बसतो. आश्विनात भाताचा चूड उपटून, धुऊन पाहा: मुळांना गंज चढल्यासारखा रंग दिसेल. आता माझ्या टाकीतली जुनी व्हॅलिसनेरिया उपटा. तोच काळा चिखल, तोच तांबूस लेप, टोकाशी तेवढी पांढरीशुभ्र नवी मुळं. ज्याला हे एकदा दिसलं त्याला लोहाच्या बाटल्या विकणं अवघड जातं.

कृती अशी: रासायनिक खत न पडलेल्या शेताची माती उन्हात वाळवायची, चाळायची, बादलीत भिजवून तरंगणारा कचरा ओतून टाकायचा, असं दोन-तीनदा. टाकीत तिचा तीन सेंटिमीटरचा थर, वर तेवढाच जाड रेतीचा. दोन बाय एक बाय दीड फुटांची टाकी म्हणजे सुमारे 85 लिटर. तिला यापेक्षा जास्त माती देऊ नये, तळात कुजका वायू साचतो. पहिल्या दिवसापासून झाडं गच्च लावायची. विरळ लावाल तर शेवाळ जागा भरून काढेल. दिवा आठ तास, त्याहून एक मिनिट जास्त नको. खाडीलगतच्या बोअरचं पाणी वापरू नका, खारटपणा अंगाशी येतो. धरणा-नदीचं नळाचं पाणी बरं.

झाडं कुठली? इथे माझी गाडी घसरते, कारण माझा जीव इथेच आहे. सिलिंडरवाल्यांच्या यादीत ब्राझीलचं असतं, बोर्निओचं असतं, आणि जे आपलं असतं ते परदेशी नावाने असतं. रोटाला रोटंडिफोलिया भातशेतीचं तण आहे. आंबुली, जिला दुकानात अँबुलिया म्हणतात, तीही भाताच्या पाण्यातलीच. पाण्याखाली पानं केसासारखी चिरलेली, पाण्यावर आली की साधी. पावसात वळगणीचे मासे धरायला गेलं की आंबुली पायाला गुंडाळायची आणि चुरडली की औषधासारखा वास सोडायची. हायड्रिला तर इतकी स्वस्त की तिला कुणी झाड म्हणत नाही. पण हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया दोघीही पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन ओढू शकतात, म्हणून त्यांना सिलिंडर लागत नाही. हीच हायड्रिला मत्स्यटाकीच्या व्यापारातून 1950 च्या दशकात फ्लोरिडात पोचली आणि तिथले तलाव-कालवे बुजवून बसली.

अपोनोजेटॉन या कंदवाल्या पाणवनस्पतीचं आणखी एक. याचा कंद उन्हाळ्यात झोपतो. टाकीतसुद्धा पानं गळतात, लोक 'मेलं' म्हणून फेकून देतात. फेकू नका, कंद दाबून घट्ट लागत असेल तर दोन-तीन महिने थांबा. आपल्या सह्याद्रीत या कुळाचे रत्नासारखे सदस्य आहेत. साताऱ्याच्या सड्यांवरचा वायतुरा, अपोनोजेटॉन सॅटारेन्सिस, याचं शास्त्रीय वर्णन 1982 मध्ये झालं. रत्नागिरीकडचा ब्रुगेनी 1985 मध्ये. दोन्हींच्या वर्णनात प्रा. एस. आर. यादव यांचं नाव आहे. क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा ही कोकणातली हरवलेली जात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा शोधून 1993 मध्ये एका जर्मन पाणवनस्पती-नियतकालिकात छापली. जर्मनीतल्या छांदिष्टांना ती माहीत, आणि आपल्या स्पर्धांत कुणाला नाव विचारलं तर समोरचा मोबाइल काढतो.

आता पूर्णाबद्दल. ठाणे-भिवंडी रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी खाचरं होती तिथे गोदामं उभी आहेत. भराव आधी आला, मग काँक्रीट, मग कंटेनर. जमिनीला भाव आला, घरं बांधली गेली, पोरं शिकली; शेती परवडत नव्हती हेही खरं, मी कुणाला दोष देत नाही. पण बांधाच्या कडेचा पाट गेला त्याबरोबर आंबुली गेली, रोटाला गेली, कपाळावर पांढरा ठिपका मिरवणारा पिकू मासा गेला. राहिली ती जलपर्णी, तिला सांडपाणी मानवतं. मधूनच विचार येतो, जपानची काळी माती दाणे करून, भाजून, नऊ लिटरच्या पिशवीत भरून येते, ती आमच्याच एखाद्या भरावावरच्या गोदामात थप्पीला लागत असेल आणि गावातलाच पोरगा ती ऑनलाइन मागवत असेल. खाली सहा फुटांवर माती फुकट पडली आहे.

तारापोरवालाही 2015 मध्ये नव्या रंगरूपात उघडलं, मग करोनात दार लागलं आणि पुढे इमारतच धोकादायक ठरली. टाकी सांभाळणारी संस्थाच नसेल तर नव्या मुलांनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघू नयेत तर काय करावं?

तरी गोदामांच्या कुंपणामागे, पावसाचं पाणी तुंबतं अशा एखाद्या जागी, भाद्रपदात आंबुली अजून सापडते. आणलीत तर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात काही मिनिटं बुडवा, मग वेगळ्या बादलीत दोन आठवडे ठेवा. चतुराची अळी एक जरी टाकीत गेली तर पिल्लं शिल्लक राहणार नाहीत. टाकीतलं नको झालेलं काहीही, मासा असो की काडी, तलावात ओतू नका. उजनीच्या जाळ्यांत येणारे काटेरी सकर मासे कुणाच्या तरी दिवाणखान्यातूनच निघाले होते.

आंबुली, व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिलाच्या काड्या मी तुळशीच्या लग्नानंतर फुकट देतो. पिशवी आपली आणावी. सिलिंडरवाल्यांनीही यावं, चहा मिळेल. वायतुऱ्याचा कंद मात्र मागू नये. तो सड्यावरून उपटायचा नसतो आणि माझ्याकडे तो नाही.