बुशीच्या चित्रकाराचे चित्रपट-निर्मितीगृह

इंग्लंडमधील वॉटफर्ड शहराला लागून असलेल्या बुशी या गावी चित्रकार ह्यूबर्ट फॉन हर्कोमर यांनी १९१३ मध्ये आपल्या लुलुलॉन्ड या वाड्याच्या बागेत चित्रपटनिर्मितीसाठी काचेची कार्यशाळा उभारली. त्या काळची फिल्म प्रकाशाला मंद प्रतिसाद देत असल्याने चित्रीकरणाला उन्हाची गरज असे, म्हणून काच. रॉयल अकादमीचा सदस्य असलेल्या, साठी उलटलेल्या कलावंताने धंदेवाईक कंपन्यांवर न विसंबता मुलगा सीगफ्रीड याच्या साथीने कॅमेरा हाती घ्यावा, ही घटना आजच्या व्हिडिओ कलेच्या, म्हणजे कलावंताने स्वतःच्या दृष्टीने घडवलेल्या चलत्प्रतिमांच्या, पूर्वेतिहासात मानाचे स्थान मिळण्याजोगी आहे.

या चित्रपटनिर्मितीची बीजे रंगभूमीत होती. हर्कोमर यांनी १८८३ मध्ये बुशीत कलाशाळा काढली आणि तिच्या लगतच्या छोट्या नाट्यगृहात त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८८० च्या दशकाअखेरीस संगीत, चित्र व प्रकाश यांचा मेळ घालणारी नाट्ये सादर केली. रंगमंचाच्या कडेला ठेवून नटांचे चेहरे खालून उजळणारे दिवे त्यांनी वर्ज्य केले आणि जाळीदार कापड व विजेचे दिवे वापरून आकाश आणि चंद्रोदय दाखवले. पुढे आधुनिक नेपथ्याचा अध्वर्यू ठरलेल्या गॉर्डन क्रेगवर या प्रयोगांचा प्रभाव पडला. प्रकाशालाच रंग मानणाऱ्या या चित्रकाराला चित्रपट ही त्याच साधनेची पुढली पायरी वाटली असावी.

मराठी वाचकाला येथे दादासाहेब फाळके आठवल्यावाचून राहणार नाहीत. जे. जे. कलाशाळेत शिकलेले फाळके १९१२ मध्ये विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांच्या निर्मितीगृहात तंत्र पाहून आले आणि दादरच्या घरी पत्नी सरस्वतीबाईंच्या मदतीने कामाला लागले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला, त्याच वर्षी हर्कोमर बुशीत चित्रपट करीत होते. दोघेही चित्रकलेतून आलेले, दोघांचेही घर हीच निर्मितीशाळा.

हर्कोमर मार्च १९१४ मध्ये निवर्तले. पुढे कित्येक दशकांनी, फिल्मपेक्षा स्वस्त व हलका व्हिडिओ हाती आल्यावर कलावंतांच्या स्वतंत्र चलत्प्रतिमांना ब्रिटनमध्ये पुन्हा बहर आला: १९७६ मध्ये ‘लंडन व्हिडिओ आर्ट्स’ ही कलावंतांची संस्था निघाली, तर १९८९ मध्ये लिव्हरपूल येथे ‘व्हिडिओ पॉझिटिव्ह’ हा महोत्सव शहरातील विविध कलादालनांत पसरला. हर्कोमर यांचे लुलुलॉन्ड त्याआधीच, १९३९ मध्ये, पाडण्यात आले होते. त्याच्या दर्शनी प्रवेशद्वाराचा दगडी भाग मात्र बुशीत आजही उभा आहे.