अर्धा तास मोबाइलचा, अर्धा तास व्यायामाचा

‘सोशल मीडियावरचा अर्धा तास काढून तो व्यायामाला दिला, की मन आनंदी राहतं अशी बातमी वाचली. पण गुण नेमका कशाचा? मोबाइल कमी केल्याचा की व्यायामाचा?’ असं एका वाचक शिक्षिकेने विचारलं आहे. प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. अशा बातम्यांमध्ये ‘अमुक केलं आणि तमुक झालं’ एवढंच असतं. मधल्या जागेत काय घडलं, हे वाचकाला कळत नाही.

ही बातमी ज्या प्रयोगावरून आली, तो जर्मनीतल्या बोखुम शहरातल्या रूर विद्यापीठात झाला. मानसशास्त्रज्ञ युलिया ब्रायलोव्स्काया, युर्गेन मारग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करोनाच्या काळात ६४२ स्वयंसेवक घेतले आणि त्यांचे चार गट पाडले. कोण कुठल्या गटात जाणार, हे पूर्णपणे नशिबावर सोडलं होतं. पहिल्या गटाने दोन आठवडे सोशल मीडियाचा वापर रोज अर्ध्या तासाने कमी केला. दुसऱ्याने तो तसाच ठेवला, पण रोजची शारीरिक हालचाल अर्ध्या तासाने वाढवली. तिसऱ्याने दोन्ही केलं आणि चौथ्याने काहीच बदललं नाही. पुढे सहा महिन्यांपर्यंत या सगळ्यांची विचारपूस होत राहिली. ज्यांनी बदल केला, त्या तिन्ही गटांत समाधान वाढलं, नैराश्याची लक्षणं कमी झाली, सिगारेटीही कमी झाल्या. सर्वांत ठळक फरक पडला तो दोन्ही करणाऱ्यांमध्ये.

म्हणजे बाईंच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्हीचा’ असं आहे. पण मला त्या उत्तरापेक्षा ते मिळवण्याची रीत जास्त आवडते. ती शेतीतून आली आहे. लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड इथे शेती संशोधन केंद्र आहे. रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ १९१९पासून तिथे काम करत होता. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, ही त्या काळातली सर्वमान्य शिकवण त्याने खोडून काढली. एका वाफ्याला नत्र द्या, दुसऱ्याला पालाश, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथा तसाच ठेवा. मग नत्राचा गुण किती, पालाशचा किती आणि दोन्ही एकत्र आल्याने पीक आणखी वाढतं का, हे सगळं एकाच हंगामात कळतं. आपल्याकडे ही विद्या शेती संशोधकांच्या पिढ्यांनी ज्या पुस्तकातून आत्मसात केली, ते वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी लिहिलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते १९५४ साली काढलं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. बोखुमच्या प्रयोगात नत्राच्या जागी मोबाइल आला आणि पालाशच्या जागी व्यायाम, बाकी आखणी तीच.

असा प्रयोग करावा लागतो, कारण नुसत्या आकडेवारीवर विसंबलं तर फसगत होते. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ साली साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. डिजिटल साधनांचा वापर आणि मुलांचं मानसिक स्वास्थ्य यांच्यात उलटं नातं होतं खरं, पण मुलामुलांमधल्या स्वास्थ्याच्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के फरक त्यातून उलगडत होता. त्याच माहितीत नेहमी बटाटे खाण्याचं स्वास्थ्याशी असलेलं नातंही जवळपास तेवढंच निघालं! मोबाइलने एक अख्खी पिढी उद्ध्वस्त केली, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा बटाटा विसरू नये. शिवाय उदास माणूस मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतो, की मोबाइलमुळे तो उदास होतो, हे अशा आकड्यांवरून कधीच ठरत नाही.

नेमक्या याच पेचाशी सत्तर वर्षांपूर्वी एक माणूस झुंजला. व्यायामाच्या विज्ञानाचा पाया घालूनही सामान्य वाचकाला त्याचं नाव ठाऊक नसतं, याची मला मनापासून खंत वाटते. त्याचं नाव जेरी मॉरिस. जन्म १९१०चा, लहानपण ग्लासगोत गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने माणसं पटापट जाऊ लागली होती आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं. मॉरिसने व्यवसायांकडे पाहायचं ठरवलं. लंडनच्या डबलडेकर बसवर दोन माणसं असत. पगार त्याच कंपनीचा, रस्ते तेच, हवाही तीच. पण ड्रायव्हर जवळजवळ सगळी पाळी बसून काढी. कंडक्टर मात्र तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. (मुंबईत बेस्टच्या डबलडेकर १९३७पासून धावल्या. त्या जिन्यावर गर्दीतून वर जाणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे श्रम समजावून सांगायला नकोत.)

मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी तपासल्या. कंडक्टरांमध्ये हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होता आणि झालाच तर त्यातून जीव वाचण्याची शक्यता अधिक होती. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला. पाठोपाठ टपाल खात्यातही तेच दिसलं. पायी किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध असेल असं तेव्हा फारसं कुणी मानतच नव्हतं.

शंकेखोरांनी विचारलं, मुळातच सडपातळ आणि चपळ असलेली माणसं कंडक्टर होत असतील तर? मॉरिसने ही शंका झटकून टाकली नाही. उलट ती तपासायला तो थेट गणवेशांच्या नोंदींकडे गेला. कंपनी कर्मचाऱ्यांना पँट शिवून देई, त्यामुळे प्रत्येकाच्या कमरेचं माप कागदावर होतं. १९५६ साली त्याने या मापांवर शोधनिबंध लिहिला. शंका खोटी नव्हती: ड्रायव्हरांची कंबर तरुणपणापासूनच जाड असे. पण पुढच्या तपासात दिसलं, की बारीक असो, मध्यम असो की जाड, त्याच मापाच्या ड्रायव्हरपेक्षा कंडक्टर सुरक्षितच होता. शिंप्याच्या मापातून हृदयाचं कोडं सोडवणारा हा शास्त्रज्ञ मला विज्ञानातल्या थोर गुप्तहेरांपैकी एक वाटतो.

त्याचं पुढचं काम तर आपल्या विषयाच्या आणखी जवळचं आहे. कष्टाची कामं कमी होत चालली, आता माणसं जी हालचाल करतील ती फावल्या वेळात, हे त्याने ओळखलं. मग त्याने टेबलाशी बांधलेले सुमारे १७ हजार सरकारी अधिकारी निवडले. सोमवारी सकाळी प्रत्येकाने आधीच्या शुक्रवारी आणि शनिवारी पाच-पाच मिनिटांनी काय केलं, ते लिहून द्यायचं. दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, हे १९७३ साली त्यातून पुढे आलं. मॉरिस स्वतः नियमित पोहत असे आणि ९९ वर्षं जगला.

पाच-पाच मिनिटांचा हिशेब मागण्यात मोठं शहाणपण आहे. दिवसाचे तास चोवीसच, त्यामुळे एक गोष्ट काढली की तिच्या जागी दुसरी येतेच. मोबाइल सोडण्याच्या प्रयोगांविषयी वाचताना मी पहिल्यांदा हेच शोधतो, की मोकळा झालेला वेळ गेला कुठे. अमेरिकेत २०१८च्या निवडणुकीआधी अर्थशास्त्रज्ञ हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. दिवसाकाठी सरासरी एक तास सुटला. त्यातला काही घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर गेला, काही एकट्याने टीव्ही पाहण्यात. मन थोडं सुधारलं, पण थोडंच. बोखुमच्याच आधीच्या एका प्रयोगात २८६ जण होते. त्यातल्या निम्म्यांनी दोन आठवडे फेसबुक रोज वीस मिनिटांनी कमी केलं. व्यायाम करा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, तरी त्यांची हालचाल वाढली आणि सिगारेटी कमी झाल्या. नंतरच्या प्रयोगात व्यायामाचा वेगळा गट आहे, तो हेच धागे सुटे करण्यासाठी.

आणि पूर्ण संन्यासाची गरज नाही. याच संशोधकांनी ६१९ जणांवर आणखी एक प्रयोग केला. काहींनी आठवडाभर स्मार्टफोन बाजूलाच ठेवला, काहींनी रोज तासाभराने वापर कमी केला. चार महिन्यांनी पाहिलं, तर तासभर कमी करणाऱ्यांमध्ये परिणाम जास्त टिकला होता.

व्यायामाने बरं का वाटतं, यावर ‘एंडॉर्फिन’ हे एका शब्दाचं उत्तर सगळीकडे फिरतं. ते इतकं सरळ नाही. रक्तातली एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाहीत. हँबुर्गच्या संशोधकांनी २०२१ साली ६३ जणांना एंडॉर्फिनचा मार्ग अडवणारं औषध देऊन पळवलं, तरी पळण्यातला आनंद कमी झाला नाही. आता बोट दाखवलं जातं ते जेरुसलेममध्ये १९९२ साली सापडलेल्या आनंदामाइडसारख्या द्रव्यांकडे. परिणाम मात्र पक्का आहे. ड्यूक विद्यापीठात १९९९ साली नैराश्याच्या १५६ प्रौढ रुग्णांवर अभ्यास झाला. सोळा आठवड्यांनी व्यायाम करणारे आणि गोळी घेणारे सारखेच सुधारलेले होते. (चालू असलेलं औषध यावरून आपल्या मनाने बंद करू नये, ही कळकळीची विनंती.)

बोखुमच्या प्रयोगाला मर्यादा आहेत. आपण कुठल्या गटात आहोत, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. व्यायामाची खोटी गोळी देता येत नाही. सगळी उत्तरं लोकांनी स्वतः भरून दिलेली, आणि ज्यांना स्वतःत बदल हवा असतो तेच बहुधा अशा प्रयोगात येतात.

पण मला सर्वांत मोठी उणीव वाटते ती आपल्या घरांकडे पाहताना. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. तरीही ‘ती दिवसभर राबतेच की, तिला आणखी व्यायाम कशाला?’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा फावल्या वेळातल्या आणि ये-जा करताना होणाऱ्या हालचालीचं मानसिक स्वास्थ्याशी चांगलं नातं दिसलं. घरकामाचं तसं दिसलं नाही. भांडी, केर, पाणी भरणं यांनी शरीर दमतं, पण आपल्या मर्जीने टेकडीवर चालून आल्यावर जे होतं ते होत नाही. आणि अनेक बायकांसाठी रात्री मोबाइलवर जातो तो अर्धा तास दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ असतो. तोही काढून घेऊन व्यायामाला लावा, असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. फिशरच्या चार वाफ्यांशेजारी पाचवा वाफा घालून हा प्रयोग पुण्यात, लातूरमध्ये, मडगावात व्हायला हवा. या पाचव्या गटातल्या स्त्रियांचा मोबाइल तसाच राहू द्यायचा, त्यांचं रोजचं अर्ध्या तासाचं घरकाम घरातल्या दुसऱ्या कुणी उचलायचं, आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी चालायला जायचं.