प्रौढांच्या फिगर स्केटिंग चाचण्या

प्रौढांच्या फिगर स्केटिंग चाचण्या म्हणजे प्रौढ वयात बर्फावरील फिगर स्केटिंग शिकू लागलेल्या, अथवा लहानपणी सोडलेल्या या खेळाकडे परतलेल्या व्यक्तींसाठी घेतल्या जाणाऱ्या स्तरबद्ध कौशल्यचाचण्या होत. अमेरिकेत त्यांचे नियमन यू.एस. फिगर स्केटिंग ही १९२१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना करते. प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिकी पद्धतीचा परिचय करून दिला असून, पहिली चाचणी केव्हा द्यावी या प्रश्नाचा अधिक विस्ताराने विचार केला आहे.

मराठी वाचकाला या पद्धतीची कल्पना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांवरून चटकन येईल. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या तेथे आहेत. निवृत्तीनंतर पेटी शिकू लागलेला गृहस्थ दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर परीक्षेचा अर्ज भरावा की नाही, या विचारात पडतो. प्रौढ स्केटरची अडचण त्याच जातीची आहे. फरक इतकाच, की पेटीवर चुकले तर सूर बिघडतो, बर्फावर चुकले तर मनगट.

पार्श्वभूमी

‘फिगर स्केटिंग’ या नावातील ‘फिगर’ म्हणजे बर्फावर पात्याने रेखाटलेली आकृती. पूर्वी स्पर्धकांना ठरावीक वर्तुळे व इंग्रजी आठच्या आकृत्या पुन्हा पुन्हा त्याच रेषेवरून रेखाटून दाखवाव्या लागत आणि परीक्षक वाकून बर्फावरील खुणा तपासत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हा भाग १९९० नंतर वगळण्यात आला. प्रेक्षकांना आणि दूरचित्रवाणीला तो कंटाळवाणा वाटे हे खरे. परंतु पायाची शिस्त त्यातूनच घडत असे. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या मध्यास ‘मूव्हज इन द फील्ड’ ही नवी चाचणीमालिका आली. अलीकडे तिला ‘स्केटिंग स्किल्स’ असे नाव आहे. प्रौढांसाठी याच मालिकेची स्वतंत्र आवृत्ती आहे. प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९९५ साली डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे झाली.

चाचणीत काय पाहतात

चाचणीची गुणवत्ता समजण्यासाठी प्रथम पाते समजून घ्यावे लागते. स्केटचे पाते सुरीसारखे धारदार नसते. त्याच्या तळाला लांबीभर उथळ खोबण असते आणि खोबणीच्या दोन्ही बाजूंना एकेक कड असते, एक पायाच्या आतील अंगाला व दुसरी बाहेरील अंगाला. शरीराचा तोल ज्या कडेवर झुकतो त्या बाजूला पाय वक्राकार वळतो. हीच गती पुढे व मागे दोन्ही दिशांनी होते, म्हणून प्रत्येक पायाच्या चार व दोन्ही पायांच्या मिळून आठ शक्यता होतात. फिगर स्केटिंगचे सारे व्याकरण या आठांत आहे. एका पायावर राहूनच पुढून मागे वळताना बर्फावर इंग्रजी तीनसारखी खूण उमटते, त्या वळणाला ‘थ्री-टर्न’ म्हणतात. पाय बदलून पण त्याच प्रकारच्या कडेवर राहून वळणे म्हणजे ‘मोहॉक’.

स्केटिंग स्किल्सच्या चाचणीत उड्या नसतात, गिरक्या नसतात, संगीतही नसते. रिंकच्या परिघावरून जोर लावून पुढे व मागे जाणे, कडांवर एकामागून एक अर्धवर्तुळे काढणे, क्रॉसओव्हर, थ्री-टर्न, मोहॉक असे ठरावीक क्रम उमेदवार करून दाखवतो. महत्त्वाची अट ही, की बहुतेक क्रम दोन्ही पायांवर व दोन्ही दिशांनी करावे लागतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या हाताने तितकेच सुवाच्य लिहायला सांगावे, असे हे आहे. मोकळ्या वेळेत माणूस आपल्या सोयीच्या बाजूने सुंदर फिरतो आणि नावडत्या बाजूकडे वर्षानुवर्षे पाहतही नाही. चाचणी त्या बाजूची विचारपूस करते. प्रौढांना तिचा सर्वांत मोठा उपयोग बहुधा हाच होतो.

प्रौढ मालिकेत चार स्तर आहेत : प्री-ब्राँझ, ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड. ‘फ्री स्केट’ म्हणजे उड्या व गिरक्यांसह स्वतःचा कार्यक्रम सादर करण्याची चाचणी वेगळी असते आणि तिच्याआधी त्या स्तराची स्किल्स चाचणी उत्तीर्ण असणे आवश्यक मानले जाते. बर्फनृत्याच्या चाचण्या निराळ्या. तेथे डच वॉल्ट्झ, कॅनास्टा टँगो, ऱ्हिदम ब्लूज अशा ठरलेल्या आराखड्यांच्या नृत्यांची एकेक करून परीक्षा देता येते; सर्वांत सोपी नृत्ये हीच तीन. नृत्य-चाचण्यांत ‘ॲडल्ट २१ प्लस’ व ‘ॲडल्ट ५० प्लस’ अशा वयानुसार सवलतीच्या वाटाही आहेत. गुडघ्यांमुळे उड्या वर्ज्य झालेले अनेक प्रौढ नृत्याकडे वळतात आणि तेथेच रमतात.

नावांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. प्रौढ मालिकेतील ‘गोल्ड’ आणि सर्वसाधारण मालिकेतील सर्वोच्च चाचणी या समान नाहीत. सर्वोच्च सर्वसाधारण चाचणी उत्तीर्ण झालेल्यास अमेरिकेत ‘गोल्ड मेडलिस्ट’ म्हणण्याची प्रथा आहे. त्याचा ऑलिंपिकच्या सुवर्णपदकाशी काही संबंध नाही. वयाने प्रौढ असलेल्या व्यक्तीला सर्वसाधारण मालिकेतील चाचण्या देण्यासही मुभा असते.

पहिली चाचणी केव्हा द्यावी

नवशिके प्रौढ सहसा ‘लर्न टू स्केट यूएसए’ या प्रशिक्षणक्रमातून येतात. त्यात प्रौढांसाठी सहा पायऱ्या आहेत. त्या संपल्या की प्री-ब्राँझ द्यावी, असा समज असतो. परंतु वर्गातील पायरी ओलांडणे आणि चाचणीस सिद्ध असणे यांत अंतर आहे. वर्गात एखादी गोष्ट जमली एवढे पुरते, चाचणीत ती वेग, सरळ पाठ व स्वच्छ कड यांसह जमावी लागते.

‘किती महिन्यांनी’ या भाषेत या प्रश्नाला उत्तर नाही. लहान मूल आठवड्यातून पाच दिवस बर्फावर असते. नोकरी व संसार सांभाळणारा माणूस जेमतेम दोनदा जातो. त्यामुळे दोघांच्या दोन वर्षांची तुलना होऊ शकत नाही. अनुभवी प्रशिक्षक वापरतात ती कसोटी वेगळी आहे : आपल्या चांगल्या दिवशी काय जमते ते न पाहता वाईट दिवशी काय जमते ते पाहावे. झोप नीट झालेली नाही, बर्फ कठीण आहे, रिंकवर गर्दी आहे, अशा सकाळी तयारीविना एकदाच, मध्ये न थांबता सर्व क्रम दोन्ही बाजूंनी केले आणि ते उत्तीर्ण होण्याइतके झाले, तर अर्ज भरावा. चाचणीच्या दिवशी मन घाबरलेले असते, गुडघे ताठ होतात आणि कौशल्य एक पायरी खाली उतरते. ती एक पायरी आधीच हिशेबात धरलेली बरी.

उलट बाजूची चूकही तितकीच सामान्य आहे, किंबहुना प्रौढांत ती अधिक आढळते. मूल प्रशिक्षकाने सांगितले म्हणून चाचणीला उभे राहते. प्रौढ मात्र स्वतःच स्वतःचा परीक्षक होऊन बसतो. मागच्या दिशेची बाहेरील कड अजून डळमळते, एवढ्यावरून तो एक हंगाम थांबतो, मग आणखी एक. पहिल्या स्तराची चाचणी निर्दोषपणा मागत नाही. त्या स्तराला साजेशी पकड आहे की नाही, एवढेच ती पाहते. निर्दोष झाल्यावर देईन असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या स्तराच्या कसोटीवर पहिला स्तर मोजत असतो. वाढत्या वयात थांबण्याचीही किंमत असते : पडल्यावर बरे व्हायला लागणारा वेळ वाढतो, आजारपण वा घरातील जबाबदारी सराव महिनोन्‌महिने तोडू शकते, आणि तोल हा नियमित सरावाविना लवकर उतरणारा गुण आहे. म्हणून बऱ्याच प्रशिक्षकांचा कल पहिली चाचणी थोडी लवकर देऊन टाकावी याकडे असतो. निकालपत्रावर अनुत्तीर्ण असा शब्दही नसतो. उत्तीर्ण नसल्यास ‘पुन्हा प्रयत्न’ अशी नोंद होते आणि परीक्षकांचे शेरे हाती मिळतात. त्या शेऱ्यांमुळे पुढच्या काही महिन्यांच्या सरावाला दिशा मिळते.

मात्र लवकर द्यावी याचा अर्थ वरच्या स्तरांवरही घाई करावी असा नाही. याचे कारण स्पर्धांच्या रचनेत आहे. अमेरिकेतील प्रौढ स्पर्धांत कोणत्या गटात उतरायचे, हे मुख्यतः उत्तीर्ण केलेल्या फ्री स्केट चाचणीवरून ठरते. उत्तीर्ण झालेली चाचणी नोंदीत कायम राहते. ब्राँझ गटात आनंदाने स्पर्धा करणारा माणूस उत्साहाच्या भरात सिल्व्हर फ्री स्केट उत्तीर्ण झाला, तर पुढच्या हंगामात त्याच्या समोर बालपणापासून स्केटिंग करणारे प्रतिस्पर्धी येऊ शकतात. गोल्ड स्तरावर तर ॲक्सेल उडीला परवानगी असते. ही उडी पुढे तोंड करून घेतात आणि तिच्यात हवेत दीड फेरी पूर्ण करावी लागते. ज्यांना स्पर्धेत रस आहे त्यांनी स्किल्सच्या चाचण्या खुशाल पुढे न्याव्यात, पण फ्री स्केटची चाचणी प्रशिक्षकाशी बोलूनच द्यावी. स्किल्स चाचण्यांनी स्पर्धेचा गट वर ढकलला जात नाही, हा फरक नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

आणि चाचणी न देणे हाही एक रास्त निर्णय आहे. केवळ व्यायाम, मैत्री वा संगीतावर फिरण्याच्या आनंदासाठी येणाऱ्याला तिची सक्ती नाही. तिच्यासाठी संघटनेचे वा क्लबचे सभासदत्व, चाचणीशुल्क, बर्फावरील जादा वेळ आणि प्रशिक्षकाचे मानधन असा खर्चही येतो.

चाचणीचा दिवस

चाचणीसत्रे स्थानिक क्लब भरवतात. सराव-फेरीला मोजकी मिनिटे मिळतात, नंतर उमेदवाराचे नाव पुकारले जाते. बहुधा त्याच सत्रात आठ-दहा वर्षांच्या मुलीही असतात आणि चाळिशीतल्या माणसाला त्यांच्या रांगेत उभे राहणे जड जाते. प्रत्यक्षात त्या मुलींचे त्याच्याकडे लक्षही नसते. परीक्षक कडेला बसून प्रत्येक क्रमाची नोंद करतात. एखादा क्रम बिघडला तर शेवटी तोच पुन्हा करून दाखवण्यास ते सांगू शकतात. असे सांगितले गेले म्हणजे निकाल अजून उमेदवाराच्या हातात आहे, असे समजून घाबरून जाऊ नये. २०२० च्या महासाथीत ध्वनिचित्रफितीवरून चाचणी घेण्याची सोय सुरू झाली. ज्यांना परीक्षकांसमोर थरथर होते त्यांना ती सोयीची वाटते.

अन्य देश आणि भारत

कॅनडात ‘स्टार’ या क्रमातील पहिल्या पाच पायऱ्यांचे मूल्यमापन प्रशिक्षकच करतो, त्यामुळे प्रारंभीचे दडपण तेथे कमी आहे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाच्या प्रौढ स्पर्धांसाठी किमान वय २८ वर्षे आहे. त्यांतील प्रसिद्ध स्पर्धा जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे भरते.

भारतात बर्फाच्या रिंक मोजक्याच आहेत. सिमल्याची खुली रिंक १९२० सालापासूनची असून ती नैसर्गिक थंडीवर अवलंबून, म्हणजे हिवाळ्यापुरतीच चालते. महाराष्ट्रात चाकांवरील स्केटिंग मात्र चांगले रुजले आहे आणि त्यातील कलात्मक प्रकारात साल्काव्ह, लुट्झ, ॲक्सेल या उड्या त्याच नावांनी ओळखल्या जातात. असे स्केटिंग केलेली व्यक्ती परदेशी जाऊन बर्फावर उतरली तर तोल व वाकलेला गुडघा तिच्याबरोबर येतो. पात्याची कड आणि बर्फावर थांबण्याची रीत मात्र नव्याने शिकावी लागते. पूर्वानुभवाच्या भरवशावर तिने थेट ब्राँझचा अर्ज न भरता प्री-ब्राँझचे क्रम आधी दोन्ही पायांवर करून पाहावेत.