मे महिन्यातला रमजान परत येईल तेव्हा

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा १०-११ दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान दर वर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि ३२-३३ वर्षांनी सगळे ऋतू फिरून पुन्हा त्याच जागी येतो. १९८६ साली रमजान मे महिन्यात होता. त्यानंतर तो २०१८ आणि २०१९ मध्ये मे महिन्यात आला. हाच हिशेब पुढे नेला तर २०५१ च्या सुमारास तो पुन्हा ऐन मेमध्ये येईल. इतर ठिकाणी हा हिशेब कोणी फारसा मांडत नसेल. खानदेशात मात्र तो मांडावा लागतो. पहाटे साडेचारच्या आत सहरी, सातच्या सुमारास इफ्तार, मध्ये साडेचौदा तास आणि बाहेर पारा ४५ अंशांच्या आगेमागे. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या माणसाला यापेक्षा जास्त काही सांगायला नको.

आपल्या दादी-नानींनी १९८६ चे रोजे धरले तेव्हा हवेच्या दर १० लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३४७ भाग होते. २०२४ मध्ये हा आकडा ४२० च्या पुढे गेला. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने हा वायू वाढतो आणि पृथ्वीभोवती गोधडीसारखा गुंडाळून बसतो. २०२४ हे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचे जगातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कारखाने सुरू होण्याआधीच्या काळापेक्षा त्या वर्षीचे तापमान दीड अंशाने जास्त भरले. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण ती साऱ्या जगाची सरासरी आहे.

त्याच २०२४ च्या मे अखेरीस जळगाव जिल्ह्यात कलम १४४ लागू झाले. आपल्याकडे हे कलम एरवी कशासाठी लागायचे ते सर्वांना ठाऊक आहे. या वेळी ते उन्हासाठी लागले. उन्हात राबणाऱ्या मजुरांसाठी सावलीची आणि गारव्याची सोय करा, भर दुपारच्या शिकवण्यांत मुलांना उकाड्यात बसवू नका, असा त्या आदेशाचा मतलब होता. रावेर-यावलच्या केळीला तर पीक विम्यात जास्त तापमानाची भरपाई मिळण्याची तरतूद आहे. केळीच्या बागेला ऊन लागते हे सरकारी कागदावर आले, पण हातगाडी ओढणाऱ्याला, हमालाला, पत्र्याच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला ऊन लागते हे अजून त्या कागदावर नीटसे उमटलेले नाही.

उन्हाच्या पाठोपाठ पाण्याचा प्रश्न येतो. धुळ्यात नळाला कितीतरी दिवसांच्या अंतराने पाणी येणे ही जुनीच रड आहे. घराघरांत टाक्या, पिंपे, हंडे भरून ठेवायची सवय आपल्या बायकांच्या अंगात भिनली आहे. आम्हाला इथे वुजूबद्दल थोडे बोलायचे आहे. हजरत साद (रजि.) वुजू करताना जास्त पाणी वापरत होते, तेव्हा पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना टोकले आणि वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी पाणी उधळू नका असे समजावले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतः पैगंबर (सल्ल.) एक मुद पाण्यात वुजू करीत. आजच्या मापाने ते साधारण पाऊण लिटर होते.

आता एक दिवस घरी नळाखाली बादली ठेवून वुजू करावा आणि मग बादलीत पाहावे. समजा ५ लिटर निघाले. घरात नमाज पढणारी ५ माणसे, दिवसाला ५ वेळा, म्हणजे १२५ लिटर. हेच बधना, म्हणजे तोटीचा लोटा, घेऊन एका लिटरात केले तर २५ लिटर. रोजचे १०० लिटर वाचले. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या घराला हा आकडा लगेच कळेल. मशिदीत नळ मोठे, दाब जास्त, म्हणून तिथे तर अधिकच पाणी जाते. दाबले तेवढाच वेळ चालणारे नळ बसवणे आणि वुजूचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात किंवा झाडांच्या आळ्यात वळवणे, ही दोन कामे कोणत्याही विश्वस्त मंडळाला एका उन्हाळ्यात जमण्यासारखी आहेत. या पाण्यात साबण नसतो. झाडांना ते चालते.

पाण्याची अक्कल आपल्या भागात नवी नाही. रावेरच्या पुढे राज्याची हद्द ओलांडली की जुन्या खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर लागते. तिथे १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या काळात, अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांच्या सुभेदारीत कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यावरून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी अडवायचे, विहिरींसारख्या कुंड्या भुयाराने जोडायच्या आणि केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणायचे. त्याला ना मोटर लागते ना वीज. त्याचा काही भाग आजही पाणी देतो. धुळे जिल्ह्यात पांझरेवरची फड पद्धतही अशीच, काही शतकांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड आणि पाळीने पाणी देणारा गावाचा पाटकरी. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे फड कमी करायचे, म्हणजे टंचाई एकट्यादुकट्याच्या नव्हे तर सगळ्यांच्या वाट्याला येते.

आणि आज त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या पट्ट्यात, बोअर दरवर्षी आणखी खोल जात आहेत. ठिबक सिंचन खुद्द जळगावातून देशभर पोहोचले. ठिबकाने पाणी वाचतेच. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लावली तर जमिनीखालचा साठा भरणार कुठून? तडवी बांधवांच्या कितीतरी वस्त्या याच पट्ट्यात आहेत. केळीच्या मोठ्या बागा त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या आहेत, पण हातपंप आटला की हाल त्यांचेही होतात.

घर थंड ठेवण्याबद्दल. खानदेशातली जुनी धाब्याची घरे मातीच्या जाड छतामुळे दुपारी सुसह्य असत. आता सगळीकडे स्लॅब. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तरावीहहून परतलेल्या माणसाच्या डोक्यावर ओततो. यावर स्वस्त उपाय आहे. मार्चमध्ये गच्ची झाडून स्वच्छ करावी, भिजवलेल्या कळीच्या चुन्यात थोडा फेव्हिकॉल घालून दोन हात मारावेत. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खालची खोली जाणवण्याइतकी निवते. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये, मुलांना वर येऊ देऊ नये. पावसाळ्यात चुना निघून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा लावावा. पत्र्याच्या घरालाही वरून पांढरा रंग चालतो. आतून बांबूच्या तट्ट्याचे किंवा जुन्या गोणपाटाचे छत टाकले तर पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही, मात्र चुलीच्या आणि दिव्याच्या वर गोणपाट नको. आपली हवा कोरडी असल्याने साधा कूलर इथे चांगले काम देतो. एसी वीज जास्त खातो आणि गरम हवा गल्लीत, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत, सोडतो. गच्ची स्वतःची असेल तर सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या सौर संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, त्याची चौकशी वीज कार्यालयात करावी.

इफ्तारच्या दस्तरखानावरचे प्लास्टिकचे पेले आणि थर्माकोलच्या ताटल्या यावर आम्ही पूर्वीही लिहिले आहे. केळीच्या मुलखात राहून थर्माकोलमध्ये फळे वाढणे शोभत नाही, इतकेच.

झाडांचे उदाहरण साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे. उजाड डोंगर पाहून या आदिवासी गावाने १९९० च्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखायला घेतले. झाड तोडणाऱ्याला दंड, पहारा गावाचाच. जंगल परत आले, आटलेल्या विहिरींना पाणी आले. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या मोहल्ल्यात डोंगर नाही, पण मशिदीचे अंगण आहे, कब्रस्तान आहे, उर्दू शाळेचे पटांगण आहे. कब्रस्तानात भिंतीच्या कडेने, कबरींपासून अंतर राखून, कडुनिंब लावता येतो. मे महिन्यातच दोन फूट खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत, तळाला शेणखत आणि पालापाचोळा घालावा आणि पहिला चांगला पाऊस पडला की रोप लावावे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोपे मिळतात. पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे लागते. वुजूच्या पाण्याची नळी तिथवर नेली असेल तर तेवढाही खेप घालण्याचा त्रास नाही.