विश्लेषण : तोफ कड्यावरून कोसळली आणि मैत्री जुळली… कोण होते हॅरी सीकम?

ट्युनिशियाच्या डोंगरात १९४३ मध्ये ब्रिटिश फौजेची एक अवजड हॉवित्झर तोफ डागल्यावर मागे सरकली आणि थेट कड्यावरून खाली कोसळली. खाली बिनतारी संदेशांचा एक ट्रक उभा होता. तोफ त्याच्याजवळच आदळली. थोड्या वेळाने वरच्या तुकडीतला एक शिपाई ट्रकचा पडदा बाजूला करून विचारू लागला, ‘इथे कुणी तोफ पाहिली का?’ आतून उत्तर आले, ‘कोणत्या रंगाची होती?’

आतला आवाज हॅरी सीकम यांचा. विचारणारा शिपाई स्पाइक मिलिगन. हा किस्सा दोघांनी पुढे आयुष्यभर इतक्या वेळा रंगवून सांगितला, की त्यात मीठमसाला किती हे शोधण्यात अर्थ नाही. मिलिगन यांचा जन्म १९१८ मध्ये अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. वडील ब्रिटिश फौजेत असल्याने त्यांच्या बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. या दोघांनी पुढे ब्रिटिश विनोदाचा चेहराच बदलला. त्यातले मिलिगन जास्त गाजले. सीकम मात्र चार दशकांहून अधिक काळ घराघरांत ऐकले आणि पाहिले गेले.

कारकून ते विनोदवीर

सीकम यांचा जन्म ८ सप्टेंबर १९२१ रोजी वेल्समधील स्वान्सी या बंदराच्या शहरात झाला. घर साधे होते. चर्चच्या गायकवृंदात गाणे झाले, शाळा संपल्यावर कारकुनी मिळाली. नजर अधू असल्याने सैन्यात निवड होणे कठीण होते. त्यांनी मित्राकडून दृष्टिचाचणीच्या तक्त्यावरची अक्षरे विचारून घेतली, पाठ केली आणि तोफखान्यात दाखल झाले. उत्तर आफ्रिका, सिसिली, इटली असे सारे युद्ध पाहून ते परतले.

१९४६ मध्ये लंडनच्या विंडमिल थिएटरमध्ये त्यांना काम मिळाले. वेगवेगळ्या स्वभावाची माणसे दाढी कशी करतात, ही त्यांची नक्कल. त्या थिएटरचा प्रेक्षक खरे तर नग्न ललनांची दृश्ये पाहायला येत असे. अशा प्रेक्षकाला साबणाच्या फेसावर हसवणे ही परीक्षाच होती.

‘द गून शो’ म्हणजे नेमके काय?

बीबीसी रेडिओवर २८ मे १९५१ रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम १९६० पर्यंत चालला. पहिल्या हंगामात त्याचे नाव ‘क्रेझी पीपल’ होते. सीकम, मिलिगन, पीटर सेलर्स आणि सुरुवातीला मायकेल बेंटिन अशी ही चौकडी. गोष्टीला शेंडाबुडखा नसायचा, तर्क उलटा चालायचा आणि चित्रविचित्र आवाजांतून श्रोत्याच्या डोक्यात अख्खा सिनेमा उभा राहायचा. ‘लालकाका आणि बॅनर्जी’ ही भारतीय पात्रेही त्यात होती. पुढे ‘बीटल्स’चे जॉन लेनन आणि ‘मॉन्टी पायथन’च्या कलावंतांनी या कार्यक्रमाचे ऋण मान्य केले.

सेलर्स आणि मिलिगन डझनभर आवाज काढत. सीकम यांच्याकडे मुख्यतः एकच पात्र होते. नेडी सीगून, भोळा, उतावीळ, कुणीही सहज गंडवावा असा. पण सगळा वेडेपणा याच नेडीभोवती फिरत असे. बाकीचे भरकटले की गोष्ट पुढे नेण्याचे काम त्याच्याकडे.

पडद्यामागेही काहीसे तसेच होते. हंगामात पंचवीस-तीस भाग लिहिण्याच्या ताणाने मिलिगन १९५२ च्या अखेरीस कोलमडले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मानसिक आजाराने त्यांची पाठ पुढे आयुष्यभर सोडली नाही. सेलर्स यांचा लहरीपणा तर प्रसिद्धच. या दोघांमध्ये सीकम हा स्थिर माणूस. १९४८ मध्ये मायरा यांच्याशी लग्न, चार मुले, आणि तोच संसार अखेरपर्यंत.

गाणारा विदूषक

सीकम यांचा गळा खणखणीत टेनर, म्हणजे पुरुषी आवाजातल्या वरच्या पट्टीचा. इटालियन गुरूंकडे त्यांनी रीतसर तालीम घेतली होती. १९६३ च्या ‘पिकविक’ या संगीतिकेने त्यांना गायक म्हणून नाव दिले. १९६७ मध्ये ‘धिस इज माय साँग’ हे त्यांचे गाणे ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. १९६८ च्या ‘ऑलिव्हर!’ या ऑस्करविजेत्या चित्रपटातील अनाथालयाचे मिस्टर बंबल म्हणजे सीकमच.

१९८१ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. मानचिन्हावर ब्रीदवाक्य लिहायचे होते. त्यांनी निवडले ‘गो ऑन’, म्हणजे चालत राहा. इंग्रजीतली ही दोन अक्षरसमूहांची जोडी सलग लिहिली की ‘गून’ होते!

रविवारचा निवेदक

१९८३ ते १९९३ अशी दहा वर्षे त्यांनी आयटीव्ही वाहिनीवर ‘हायवे’ हा रविवारचा कार्यक्रम सादर केला. गावोगावी जाऊन सामान्य माणसांशी श्रद्धेबद्दल, दुःखाबद्दल बोलायचे आणि भक्तिगीते गायची. त्यांचे भाऊ फ्रेड धर्मगुरू होते, त्यामुळे हे वातावरण त्यांना परके नव्हते. गून शोच्या काही चाहत्यांना हा बदल फारच सपक वाटला असेल. पण समोरच्याला बोलते करायला लागणारी माया या विदूषकाकडे भरपूर होती.

आजार लपवला का नाही?

१९८० मध्ये पोटातील गंभीर संसर्गातून ते बचावले. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन वर्षांत सुमारे ३२ किलो वजन उतरवले. १९९७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, १९९८ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाले, १९९९ मध्ये दुसरा झटका. टीव्हीचे काम थांबवावे लागले.

लोकांनी आपल्याला हसरा आणि धडधाकट असाच आठवावा, असे त्या वेळी कुणालाही वाटले असते. सीकम यांनी उलटे केले. स्वतःच्या अवस्थेवरच टीव्ही माहितीपट केला. अशाच आजारातून जाणाऱ्यांना धीर मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. लाखो लोकांनी ज्यांना पोट धरून हसताना पाहिले, ते सर हॅरी आता आजारी अवस्थेत त्याच पडद्यावर आले.

११ एप्रिल २००१ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बातमी कळल्यावर मिलिगन म्हणाले, तो माझ्याआधी गेला हे बरे झाले, नाही तर माझ्या अंत्यविधीला येऊन गायला असता. पुढच्याच वर्षी, २७ फेब्रुवारी २००२ रोजी मिलिगनही गेले. त्यांच्या स्मृतिसभेत ध्वनिमुद्रित गाणे लावण्यात आले. आवाज होता हॅरी सीकम यांचा.