वापरलेल्या मोटारीच्या इंजिनातील किरकोळ तेलगळती : निदानाची पद्धत

समजा, दहा वर्षे वापरलेली एक पेट्रोल मोटार तुम्ही विकत घ्यायला पाहत आहात. ती उभी होती तिथे फरशीवर रुपयाएवढा काळा डाग आहे. हा डाग एका छोट्या वॉशरमुळे पडला की गिअरबॉक्स उतरवून करायच्या कामामुळे, हे नुसत्या डागावरून कळत नाही. त्यासाठी तेलाचा माग उगमापर्यंत काढावा लागतो. या पाठात आपण तीच पद्धत पाहू.

१. द्रव ओळखा

रात्रभर गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवा. इंजिन तेल तपकिरी किंवा काळे असते आणि बोटांना बुळबुळीत लागते. कूलंट पाण्यासारखे पातळ आणि बहुधा हिरवे किंवा गुलाबी असते. एसीचे पाणी रंगहीन असते. त्याची काळजी नको. चाकाजवळ पातळ, पिवळसर, तेलकट द्रव दिसला, तर ते ब्रेक ऑइल असू शकते. तपासणी होईपर्यंत अशी गाडी चालवू नका.

२. पाझर की गळती?

जोडावर नुसता ओलसर, धूळ चिकटलेला थर असेल, तर तो पाझर. थेंब खाली पडत असतील, तर ती गळती. जुन्या इंजिनात उष्णतेने रबराची पॅकिंग आणि ऑइल सील कडक होतात, त्यामुळे थोडा पाझर नेहमी आढळतो.

थोडे गणित करू. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. रात्री १० थेंब पडले, तर महिन्याला सुमारे १५ मिलिलिटर. तरीही डिपस्टिकवरची पातळी महिन्यात ठळकपणे उतरत असेल, तर उरलेले तेल एक तर इंजिन चालू असताना दाबाखाली बाहेर पडते किंवा आत जळते. सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर तेल जळत असल्याची खूण आहे.

३. उगम शोधा

मूळ तत्त्व लक्षात ठेवा : तेल खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून थेंब पडतो ती जागा नव्हे, तर ओल्या भागातली सर्वांत वरची आणि पुढची जागा तपासा.

• इंजिन थंड असताना डिग्रीझर आणि कापडाने पुसून काढा. विजेच्या जोडण्यांवर पाण्याचा फवारा मारू नका.
• संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा.
• १५–२० किलोमीटर गाडी चालवा, मग इंजिन बंद करून टॉर्चने पाहा. पावडर जिथे प्रथम ओली झाली, तिथे उगम.
• गाडीखाली जायचे असल्यास नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

तपासणी वरून खाली करा : टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, क्रँकशाफ्टची पुढची-मागची सील, चेंबर आणि शेवटी ड्रेन बोल्टचा वॉशर.

४. नेहमीची चूक

टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेतून निघालेले तेल इंजिनावरून ओघळून गिअरबॉक्सच्या जोडापाशी टपकते. क्रँकशाफ्टचे मागचे सील गेले, तरी थेंब तिथेच पडतो. पहिले काम किरकोळ आहे; दुसऱ्यात सील स्वस्त असले, तरी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते. म्हणून वरचा भाग कोरडा असल्याची खात्री होईपर्यंत मोठ्या कामाला होकार देऊ नका.

पीसीव्ही व्हॉल्व्हही तपासा. तो तुंबला की इंजिनातील वायूंचा दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येते. अशा वेळी फक्त सील बदलले, तर गळती पुन्हा सुरू होते.

५. निर्णय

नुसता पाझर असेल, तर दर आठवड्याला सपाट जागी डिपस्टिक पाहा. तेल एक्झॉस्टच्या गरम भागावर, टायमिंग बेल्टवर किंवा क्लचवर जात असेल, तर दुरुस्ती लांबवू नका. एक्झॉस्टवरचे तेल पेट घेऊ शकते. गाडी विकत घेताना इंजिन नुकतेच धुतलेले दिसले, तर फेरी मारून आल्यावर पुन्हा पाहा.

स्वाध्याय

१. ड्रेन बोल्ट ओला आहे, पण त्यावरचे ऑइल फिल्टरही ओले आहे. तुम्ही आधी काय तपासाल? का?
२. नवे सील बसवूनही महिन्यात गळती सुरू झाली. कोणती शक्यता राहून गेली असेल?