तरबेज खेळाडूने नवख्याशी का खेळावं?

शाळेत बुद्धिबळाचा तास सुरू केला की महिन्याभरात एखादे पालक हमखास विचारतात, "सर, आमचा मुलगा तालुक्याला खेळून आलाय. त्याला नवीन मुलांसमोर का बसवता? खेळ बिघडेल की त्याचा." प्रश्न रास्त आहे, उडवून लावण्यासारखा नाही. मोबाइलवर गेम खेळणारी थोरली भावंडंही धाकट्याबद्दल हेच म्हणतात, "याच्याशी काय खेळायचं?"

आधी हिशेब पाहू. बुद्धिबळात एलो पद्धतीचं रेटिंग असतं. फिडे या जागतिक संघटनेने ते १९७० साली स्वीकारलं. दोघांत ४०० गुणांचा फरक असेल, तर वरच्या खेळाडूला १०० डावांत साधारण ९१ गुण मिळावेत, असं हे गणित सांगतं. सराव झालेलं मूल आणि कालपरवा सोंगट्या ओळखायला शिकलेलं मूल यांच्यातलं अंतर याहून मोठंच असतं. म्हणजे डाव सरळ खेळवला, तर एकाला आव्हान नाही आणि दुसऱ्याला आशा नाही. पालकांचं म्हणणं इथपर्यंत बरोबरच आहे.

पण डाव सरळच खेळवावा असं कुठे आहे? गल्लीतल्या खेळात आपण लहानग्याला कच्चा लिंबू ठरवतो. तो खेळतो, पण बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. यात माया आहे, पण एक उणीवही आहे. त्याला पकडायचंच नसल्यामुळे खरं म्हणजे त्याच्याशी कुणी खेळतच नाही. चीन, जपान, कोरियात खेळल्या जाणाऱ्या 'गो' या खेळात याहून चांगली सोय आहे. कच्चा खेळाडू सुरुवातीलाच दोनपासून नऊपर्यंत जादा खडे पटावर मांडून घेतो. त्यानंतर मात्र दोघंही जीव तोडून खेळतात.

बुद्धिबळातही वजीर किंवा हत्ती काढून खेळायची जुनी रीत आहे. मला स्वतःला घड्याळाची सूट जास्त पटते. नवख्याला दहा मिनिटं, तरबेजाला दोन. पट पूर्ण राहतो आणि मोठ्यालाही घाम फुटतो. मुद्दाम हरायला मात्र सांगू नका. मुलांना ते लगेच कळतं, आणि मग जिंकल्याचीही लाज वाटते.

आता मोठ्याला काय मिळतं? नवखी मुलं सुरुवातीला ज्या चार चालींच्या मातीत सापडतात, तीच घ्या. पांढऱ्याचा उंट आणि वजीर मिळून काळ्या राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावर नेम धरतात. तरबेज मुलाला ही मात देता येते, चुकवताही येते. पण "का चुकते?" असं छोट्याने विचारलं की तो थबकतो. मग सांगू लागतो : वजिराकडचा घोडा बाहेर काढून मधलं प्यादं राखलेलं असेल, तर राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं. वजिराची वाट अडते, वर त्याच्यावरच हल्ला होतो. "आणि घोडा आधी काढलाच नसेल तर?" इथे त्याला पुन्हा पट मांडावा लागतो. कारण मग तोच वजीर मधलं प्यादं खाऊन शह देतो आणि हत्तीवरही डोळा ठेवतो. हातात बसलेली चाल शब्दांत मांडताना आपल्याला नेमकं काय कळलंय आणि काय नुसतं पाठ आहे, हे त्याचं त्यालाच दिसतं. आपणही एखादं गणित वर्गात समजावतानाच नीट शिकतो, नाही का?

उलटा प्रकारही असतो. ऑनलाइन गेममध्ये काही मुरलेले खेळाडू मुद्दाम नवं खातं उघडतात, नवख्यांमध्ये घुसतात आणि त्यांना धडाधड हरवतात. याला स्मर्फिंग म्हणतात. हे नवख्यांशी खेळणं नव्हे, त्यांच्या जिवावर खेळणं झालं. आपलं मूल असं करतं का, हे पालकांनी एकदा शेजारी बसून पाहावं.

वेळेचं बंधन हवंच. आठवड्यात पाच तास सराव होत असेल, तर त्यातला एक नवख्यांसाठी पुरे; उरलेले चार बरोबरीच्या किंवा वरचढ खेळाडूंशीच. त्या एका तासात दोनच डाव लावा. प्रत्येक डावानंतर छोट्याने एक चाल निवडायची आणि "ही का खेळलास, दादा?" असं विचारायचं. दादाने पटावर हात ठेवून उत्तर द्यायचं. तोवर सोंगट्या डब्यात भरू देऊ नका.